मशेरी, इंजेक्शन आणि चाळिशीतला रक्तदाब

गरोदर बाईच्या रक्तात जे उतरतं, त्यातलं बरंचसं वारेतून बाळापर्यंत पोचतं. तंबाखूतलं निकोटिन पोचतं, दारू पोचते, डॉक्टरांनी दिलेली कित्येक औषधंही पोचतात. जन्माच्या वेळी त्याचे परिणाम दिसतात ते दिसतात. पण तेच बाळ चाळीस वर्षांनी रक्तदाबाच्या गोळ्या घेऊ लागलं, तर त्याचं कारण आईच्या पोटात शोधायचं का? आणि शोधायचं म्हटलं, तर आज गरोदर असलेल्या बाईला काय सांगायचं?

यावर दोन मतं मी पुन्हा पुन्हा ऐकत आलो आहे. ती इथे दोन कल्पित माणसांच्या तोंडी घातली आहेत. एक मावशी, सातारा जिल्ह्यातल्या उपकेंद्रावर उमर घालवून निवृत्त झालेल्या आरोग्यसेविका. दुसरा त्यांचा भाचा, पुण्याच्या वैद्यकीय महाविद्यालयात रोगप्रतिबंधाचा विषय शिकवणारा. माणसं कल्पित असली, तरी ती ज्या अभ्यासांबद्दल बोलतात ते खरे आहेत.

मावशी: मी ज्यांची झोळीच्या काट्यावर वजनं घेतली ना, ती पोरं आता चाळिशीला टेकलीत. जत्रेला गेले होते, तर त्यातले दोघं बीपीच्या गोळ्यांवर. दोघांच्याही आया मशेरीवाल्या. मला ह्यात काही नवल वाटलं नाही.

भाचा: आणि ज्यांच्या आयांनी जन्मात मशेरीला बोट लावलं नाही, त्यांच्यातले किती जण गोळ्यांवर आहेत? मोजलंस?

मावशी: नाही मोजलं.

भाचा: मग दोघांवरून काय ठरवायचं? चाळिशीतल्या माणसाचं बीपी वाढायला हजार कारणं असतात. लोणची-पापडांतलं मीठ आहे, पोट सुटलेलं आहे, झोप नाही, आणि तो स्वतः तंबाखू मळतो ते वेगळंच.

मावशी: सगळं मान्य. पण वजनं मी घेतली होती, आणि हलकी पोरं कुणाच्या घरची असायची ते मला रजिस्टर न बघता सांगता यायचं.

मशेरी म्हणजे काय, हे आता शहरातल्या अनेकांना सांगावं लागतं. तंबाखूची पानं तापलेल्या तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची. भाजताना घरभर असा ठसका उठतो की लहान मुलं बाहेर पळतात. गार झाली की चुरून वस्त्रगाळ करायची आणि डबीत भरून ठेवायची. सकाळी उठल्यावर चिमूट घेऊन पहिल्या बोटानं दातांवर, हिरड्यांवर चोळायची, उंबऱ्याशी बसून पाच-दहा मिनिटं तोंडात धरायची आणि मग चूळ भरायची. सवय मुरली की दुपारी एकदा, जेवणावर एकदा, रात्री एकदा. कोकणात, पश्चिम महाराष्ट्रात, मुंबईच्या वस्त्यांत बायांना विडी ओढणं शोभत नाही म्हणतात, मशेरीला मात्र कुणी नाव ठेवत नाही. दात दुखतात, पोट साफ होत नाही, गरोदरपणात मळमळतं, सगळ्यावर तोच उपाय. केंद्र सरकारनं १९९२ साली दंतमंजनात तंबाखू घालायला बंदी केली, पण घरच्या तव्यावर बंदी कशी पोचणार?

भाचा: हलक्या वजनाबद्दल माझं तुझ्याशी भांडणच नाही. मुंबईत १२१७ गरोदर बायांवर नजर ठेवून केलेला अभ्यास २००४ मध्ये छापून आला. मशेरी आणि तसली न ओढायची तंबाखू वापरणाऱ्यांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनं हलकी भरली, आणि जन्मलीही सुमारे सहा दिवस आधी. तुमच्या बाजूला कऱ्हाडला खास मशेरीवर झालेल्या कामात फरक १६९ ग्रॅम निघाला.

मावशी: आणि त्यांनीच दाखवलं ना, की गरोदरपणात ज्यांनी सोडली किंवा कमी केली, त्यांना त्रास कमी झाला?

भाचा: हो, दाखवलं. तिथपर्यंत आपण एकाच बाजूला आहोत. मी अडतो तो पुढच्या उडीवर. वजन हलकं, म्हणजे हृदय खराब, म्हणजे दोष मशेरीचा, ही उडी.

मावशी: ती उडी मी नाही मारली. तुमच्याच लोकांनी मारली. तो इंग्रज डॉक्टर कोण?

भाचा: डेव्हिड बार्कर. आणि त्यानं जे केलं ते तुझ्यासारख्या एका बाईमुळे केलं, हे तुला मी सांगितलंय का कधी? हर्टफर्डशायर परगण्यात मार्गारेट बर्नसाइड म्हणून मुख्य परिचारिका होत्या. १९११ पासून त्यांनी नेम घातला, की जन्मलेल्या प्रत्येक बाळाचं वजन घ्यायचं, वर्षाचं झालं की पुन्हा घ्यायचं, आणि दोन्ही वहीत लिहायचं. त्या वह्या टिकल्या. बार्करनं त्या धुंडाळून १९११ ते १९३० मधल्या ५६५४ पुरुषांचं पुढं काय झालं ते शोधलं आणि १९८९ मध्ये छापलं. वर्षाचे असताना जे सर्वांत हलके होते, त्यांच्यात हृदयविकारानं मेलेल्यांचं प्रमाण सर्वांत जास्त होतं.

मावशी: बघ! वही कुणाची, तर नर्सची.

भाचा: म्हैसूरच्या होल्ड्सवर्थ रुग्णालयातही १९३४ ते १९५४ मधल्या जन्मांच्या नोंदी सापडल्या. त्या माणसांना उतारवयात तपासलं, तर तिथंही कमी वजनाच्या बाजूलाच हृदयविकार जास्त. म्हणजे हे गोऱ्यांपुरतं नाही. पण मावशी, दुवे दोन आहेत. मशेरीनं वजन घटतं, हा एक. हलक्या बाळांमध्ये पुढं हृदयविकार जास्त, हा दुसरा. त्यांची साखळी होते असं गृहीत धरता येत नाही. बाळ हलकं असण्याची कारणं अनेक. आईला पुरेसं खायला नसणं, रक्त कमी असणं, शेवटच्या महिन्यापर्यंत डोक्यावर हंडे वाहणं. ह्यातलं कुठलं कारण बाळाच्या रक्तवाहिन्यांवर वळ उठवतं आणि कुठलं नुसतंच वजन कमी करतं, ते काट्यावर दिसत नाही.

मावशी: मग कुठं दिसतं?

भाचा: आतल्या घडणीत. मूत्रपिंडात रक्त गाळणाऱ्या ज्या सूक्ष्म गाळण्या असतात, त्या बहुतेक छत्तिसाव्या आठवड्यापर्यंत तयार होतात. नंतर माणूस शंभर वर्षं जगला तरी एकही नवी होत नाही. हलक्या बाळांमध्ये त्या कमी असतात. कमी गाळण्यांवर तेवढाच भार पडला, की पुढं रक्तदाब वाढायला वाव मिळतो. तसंच महाधमनीच्या भिंतीतला लवचीक धागा. तो पोटात शेवटच्या महिन्यांत आणि जन्मानंतरच्या सुरुवातीच्या काळात विणला जातो, पुढं जवळजवळ बदलला जात नाही. निकोटिननं वारेचा रक्तपुरवठा आखडत असेल, तर ह्या दोन्ही गोष्टींना बाधा येऊ शकते. कसं घडेल हे कळतं मला. घडतंच का आणि किती, हा प्रश्न आहे.

मावशी: आणि उत्तर?

भाचा: ब्रिस्टल भागातल्या हजारो मुलांचा सातव्या वर्षी रक्तदाब घेतला. आई गरोदरपणी सिगरेट ओढायची त्यांचा थोडा जास्त निघाला. पण ज्यांचा बाप ओढायचा त्यांचाही जवळपास तेवढाच. आणि घरची परिस्थिती, शिक्षण वगैरे हिशेबात धरलं तर फरक विरत गेला. बापाच्या पोटात तर बाळ नव्हतं! म्हणजे परिणाम सिगरेट ओढणाऱ्या घराचा होता, गर्भातल्या निकोटिनचा नव्हता, असं म्हणायला जागा आहे.

मावशी: तुझ्या सोयीचं झालं. आता गैरसोयीचंही सांग.

या ठिकाणी थांबून सांगावंसं वाटतं. वैद्यकावरच्या वादात आपल्या विरुद्ध जाणारा पुरावा स्वतःहून मांडणारी माणसं मला फार थोडी भेटली आहेत. भाच्याच्या तोंडी मी पुढचं घातलं ते त्यांच्या आदरापोटी.

भाचा: नेदरलँड्समधल्या उट्रेख्तला पाच वर्षांच्या मुलांच्या मानेतल्या धमनीची भिंत सोनोग्राफीनं मोजली. गरोदरपणी आई शेवटपर्यंत ओढत होती, त्या मुलांची भिंत सुमारे १९ मायक्रोमीटर जाड होती, म्हणजे मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाइतकी, आणि धमनी जास्त ताठर होती. ज्या आयांनी बाळ झाल्यावरच ओढायला घेतलं, त्यांच्या मुलांत हा फरक नव्हता. हे माझ्या विरुद्ध जातं. आणि दुसरं, स्वीडनमधलं. तिथं स्नूस म्हणून ओली तंबाखू ओठाखाली धरतात. धूर नाही, जळणं नाही, नुसतं निकोटिन. गरोदरपणी स्नूस घेणाऱ्या बायांची मुलं पाच-सहा वर्षांची झाल्यावर तपासली, तर वरचा रक्तदाब इतरांपेक्षा सुमारे पाचानं जास्त.

मावशी: अरे मग स्नूस म्हणजे आमची मशेरीच की! ते तुझं बापाचं गणित सिगरेटीला लागू. बाप ओढतो तेव्हा धूर आईच्या नाकात जातोच, म्हणजे ती तुलनासुद्धा स्वच्छ नाही. मशेरी लावताना धूर कुठला? जे जातं ते बाईच्याच रक्तात जातं.

भाचा: बरोबर आहे. पण तो अभ्यास सगळा मिळून चाळीसेक मुलांचा. आणि मुलं पाच-सहा वर्षांची.

मावशी: लहानपणी ज्याचं बीपी वरच्या अंगाला, त्याचं मोठेपणीही वरच्याच अंगाला राहतं, हे तूच एकदा शिकवलंस मला.

भाचा: कल तसा असतो. सगळ्यांचं तसं होत नाही.

मावशी: मग माझं म्हणणं ऐक. बाईला सरळ सांगायचं, मशेरीनं तुझ्या बाळाचं हृदय कायमचं बिघडेल. घाबरेल आणि सोडेल. भीतीनं सुटलेली सवय मी पाहिली आहे.

भाचा: आणि भीती कुठं जाऊन बसते ते मी पाहिलंय. गेल्या वर्षी एक बाई एकतिसाव्या आठवड्यात कळा सुरू झाल्या म्हणून आली. बाळाची फुप्फुसं तयार व्हावीत म्हणून स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायचं होतं. सासू आडवी पडली. पोटात बाळ असताना औषधं घेतली की मोठेपणी हृदय कामातून जातं, असं तिनं ऐकलेलं. बाईची मशेरीची डबी मात्र उशाखाली होती! तुमच्या सरसकट धाकानं हे असं होतं. घातक ते चालू राहतं, आणि जीव वाचवणारं ते नाकारलं जातं.

मावशी: ते इंजेक्शन निर्धोक आहे हे तू तरी कशावरून म्हणतोस? तेसुद्धा बाळापर्यंत जातंच ना?

भाचा: जातं, म्हणून तर देतात. ही गोष्ट न्यूझीलंडमधली. ऑकलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स नावाचे स्त्रीरोगतज्ज्ञ मेंढ्यांमध्ये कळा कशानं सुरू होतात ते शोधत होते. पोटातल्या कोकराला स्टेरॉइड दिलं की मेंढी लवकर विते, असं त्यांना दिसलं. त्यातलं एक कोकरू इतक्या लवकर जन्मलं की त्याला श्वास घेता येणं शक्यच नव्हतं. पण ते श्वास घेत होतं. लिगिन्सनी ते नजरेआड होऊ दिलं नाही. रॉस हॉवी या बालरोगतज्ज्ञाला बरोबर घेऊन १९६९ च्या अखेरीस त्यांनी बायांवर चाचणी सुरू केली. अर्ध्या जणींना बीटामेथासोन, अर्ध्या जणींना तसंच दिसणारं दुसरं इंजेक्शन, कुणाला काय ते चिठ्ठीनं ठरलेलं. १९७२ मध्ये निष्कर्ष छापले. बाळांना श्वासाचा त्रास कमी, मृत्यूही कमी.

मावशी: हे झालं जन्माचं. चाळिशीचं सांग.

भाचा: तेच सांगतोय. मेंढ्या-उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं होतं, की पोटात स्टेरॉइड मिळालेल्या पिलांचा मोठेपणी रक्तदाब वाढतो. म्हणजे तुझ्यासारखी शंका शास्त्रज्ञांनाही होती. मग त्या ऑकलंडच्या बाळांना पुन्हा शोधून काढलं. तिशीत पाचशेहून जास्त लोक तपासले. रक्तदाब सारखा, कोलेस्टेरॉल सारखं. फक्त साखर पाजल्यावर अर्ध्या तासानं इन्सुलिन जरा जास्त चढलेलं. मग पन्नाशीत पुन्हा चारशेहून जास्त लोक गाठले. ते २०२४ मध्ये छापून आलं. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, कशातही घोर करण्यासारखा फरक नाही. एका इंजेक्शनाचा अर्ध्या शतकाचा हिशेब आहे हा, मावशी. इतकं लांबवर दुसऱ्या फार थोड्या औषधांच्या मागं कुणी गेलं असेल.

मावशी: चांगलं आहे. पण अमेरिकेत गर्भ टिकावा म्हणून गोळ्या द्यायचे, त्यांचं काय झालं?

भाचा: डीईएस. कृत्रिम इस्ट्रोजेन. १९४० च्या दशकापासून लाखो बायांना दिलं. १९५३ मध्येच शिकागोच्या चाचणीत दिसलं होतं की त्याचा काडीचा उपयोग नाही, तरी देत राहिले. १९७१ मध्ये त्या बायांच्या मुलींना योनीचा दुर्मीळ कर्करोग होतो हे उघडकीला आलं, तेव्हा थांबले. पुढं त्या मुली मोठ्या झाल्यावर त्यांच्यात हृदयविकाराचं प्रमाणही जास्त आढळलं.

मावशी: म्हणजे डॉक्टरनं दिलं म्हणून निर्धोक, असं नाहीच.

भाचा: नाहीच. आणि चांगलं औषधही चुकीच्या जागी चांगलं राहत नाही. आपल्याकडं २०१४ पासून आरोग्यसेविकांनाही त्याच जातीच्या डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा पहिला डोस देऊन बाईला पुढं पाठवायची मुभा आहे. पण सहा देशांत, त्यात आपलं नागपूर आणि बेळगावही होतं, गावपातळीवर हेच इंजेक्शन वाढवून पाहिलं, तर २०१५ चा निष्कर्ष उलटा आला. नवजात बाळांचे मृत्यू इतर ठिकाणी हजारी २३.९ होते, तर जिथं इंजेक्शनं वाढवली तिथं २७.४. कारण आठवड्यांचा अंदाज चुकत होता, ज्यांना गरज नाही त्यांनाही ते मिळत होतं, आणि पुढची सोय नव्हती. मग जागतिक आरोग्य संघटनेनं भारतासह पाच देशांत, नीट सोयी असलेल्या रुग्णालयांत, सोनोग्राफीनं आठवडे ठरवून दिलं. तिथं नवजात बाळांचे मृत्यू २३.५ टक्क्यांवरून १९.६ वर आले. औषध एकच. कुणाला, केव्हा, कुठं दिलं, ह्यानं निकाल बदलला.

मावशी: आता माझं ऐक. इंजेक्शनाची चाचणी तुम्हाला चिठ्ठ्या टाकून करता आली. मशेरीची करता येईल? अर्ध्या गरोदर बायांना तुम्ही नऊ महिने मशेरी लावायला देणार? कुणी देणार नाही, देऊही नये. मग पन्नास वर्षांचा चिठ्ठीचा पुरावा मशेरीकडं मागणं हा कुठला न्याय? तो पुरावा कधीच येणार नाही. जेवढा येऊ शकतो तेवढा आलाय.

भाचा बराच वेळ गप्प राहतो. मीही त्याला इथे लगेच बोलू देणार नाही, कारण माझ्या मते मावशींनी बोट नेमक्या जागी ठेवलं आहे. जे औषध बरं करण्यासाठी द्यायचं, त्याच्याकडून निर्धोकपणाचा पक्का पुरावा मागणं रास्त आहे. ज्या सवयीनं बाळाचं काहीच भलं होत नाही आणि वजन घटतं हे दिसलं आहे, तिच्याविरुद्ध तितकाच पक्का पुरावा मिळेपर्यंत थांबायचं कारण नाही.

भाचा: मान्य. मशेरी सोडायला सांगण्यासाठी मला चाळिशीतलं हृदय लागतच नाही. हलकं बाळ आणि आधी येणाऱ्या कळा एवढंच पुरे आहे. पण "कायमचं बिघडेल" हे वाक्य मी म्हणणार नाही. फरक असलाच तर पाच-सहा वर्षांच्या मुलात पाचेक अंकांचा आहे, आणि तोही सगळ्यांत नाही. शिवाय ते वाक्य ऐकणारी बाई एकटी नसते. तिच्या पदराशी आधीची दोन पोरं असतात. ती त्यांच्याकडं बघते आणि मनात म्हणते, ह्यांचं मीच वाटोळं केलं. अगं, तिला मशेरी कुणी लावली? दहाव्या-बाराव्या वर्षी आईनं किंवा आजीनं. भूक मरते म्हणून लावत राहिली. दोष द्यायचा तर तो एकट्या तिच्या माथी का?

मावशी: हं. हे खरं बोललास. भूक मारायला लावायच्या, हे मी बघितलंय. रोजंदारीवर जाताना न्याहारीऐवजी मशेरी.

भाचा: मग काय सांगशील तिला?

मावशी: सांगीन, "तुझं बाळ भरलेलं यावं म्हणून सोड. आजपासून सोडलीस तर आजपासून फायदा. सासूलाही सांग, घरात मशेरीचा तवा ठेवू नका." आणि पहिल्याच भेटीत विचारीन, "मशेरी लावतेस का?" नुसतं "तंबाखू खातेस का?" विचारलं तर बाई नाही म्हणते, आणि तिचं तिच्या दृष्टीनं खरंही असतं. आणि अकाली कळा आल्या तर दवाखान्यात डॉक्टर देतील ते इंजेक्शन घे, हेही सांगीन.

भाचा: आणि जत्रेतल्या त्या दोघांना?

मावशी: त्यांना आईकडं बोट दाखवू देणार नाही. त्यांच्या खिशातली चुन्याची डबी काढून घेईन.

मी मावशींच्या शेवटच्या बोलण्याबरोबर आहे, आणि वाचकांपैकी ज्यांच्या घरात हे चालतं त्यांना दोन गोष्टी सांगतो. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातल्या १७ टक्के स्त्रिया कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेत होत्या. म्हणजे हे आपल्या ओळखीच्या घरांतलं आहे. सून, लेक किंवा बहीण गरोदर असेल, तर तिला एकटीला सोडायला सांगू नका. घरातल्या सगळ्यांनी मिळून सोडा. आणि तुमचा जन्म कमी वजनाचा होता असं आईकडून ऐकलं असेल, किंवा ती मशेरी लावायची हे तुम्हाला ठाऊक असेल, तर तिला जाब विचारण्याऐवजी तिशीपासून वर्षातून एकदा स्वतःचा रक्तदाब मोजून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात त्याला पैसे पडत नाहीत. तंबाखू सोडायला मदत हवी असेल, तर राष्ट्रीय मदतवाहिनीचा फुकट क्रमांक १८००-११-२३५६ आहे.